अर्धं कळलं, पूर्ण सांगा

लिफ्टचं दार बंद होता होता एक हात आत आला, आणि त्या हाताला बाही नव्हती. म्हणजे होती, पण कोपराशीच संपली होती. हातामागून माणूस आला. त्याच्या दुसऱ्या हाताची बाही मात्र मनगटापर्यंत व्यवस्थित, काठाला सुबक पट्टी वगैरे. गडद निळा स्वेटर, सुरेख वीण, आणि डावी बाही धाकट्या भावाकडून उसनी आणल्यासारखी.

दुसरी कुणी असती तर तिने मान वळवली असती. मला ते जमत नाही. आई म्हणते, सगळ्यांना देवाने जीभ दिली, तुला प्रश्नचिन्ह दिलं.

"फॅशन आहे का?" मी विचारलं.

तो लिफ्टच्या बटणांकडे बघत म्हणाला, "नाही, हे... म्हणजे मशीनने..."

"मशीनने काय?"

"विणलंय."

"मशीन असंच विणतं?"

"नाही हो. गेल्या आठवड्यापर्यंत तर..." त्याने उघड्या हातावर दुसरा हात चोळला. बाहेर बोचरी थंडी होती आणि त्याच्या कोपराखाली काटा आला होता. "ते कप्प्याचं नवीन व्हर्जन आलं ना, तेव्हापासून."

पुढचा प्रश्न माझ्या ओठांवरच थांबला. कारण कप्पा आमचा होता.

कप्पा म्हणजे एक सॉफ्टवेअर. ज्या फाइलींवर रोज काम चालतं त्यांची प्रत्येक जुनी-नवी आवृत्ती ते जपून ठेवतं. काल काय होतं, आज काय बदललं, कुणी बदललं, सगळं सांगतं, आणि जुनं परत हवं असेल तर तेही काढून देतं. आमचे सर आणि आम्ही दोघं-तिघं मिळून चौथ्या मजल्यावर तो कप्पा बनवतो. आणि ते नवीन व्हर्जन मी स्वतःच्या हातांनी बाहेर सोडलं होतं.

"मला दाखवाल?" मी विचारलं.

"बाही?"

"ती दिसतेय. कप्प्याला तुम्ही काय सांगता, ते दाखवा."

तिसऱ्या मजल्यावर विणकाम कारखान्याची नमुना-खोली होती. इतकी वर्षं मी तिच्यावरून लिफ्टने वर जात होते आणि आत काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं, याचं मलाच नवल वाटलं. आत लोकरीचा उबदार वास, हवेत तरंगणारे बारीक तंतू, आणि एका कोपऱ्यात इकडून तिकडे सरकत खरखरणारं मशीन. त्या मशीनपाशी उभ्या असलेल्या ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा धाग्यात लक्ष घातलं. टेबलावर निळ्या स्वेटरांचा ढीग होता. सगळ्यांची डावी बाही कोपरापर्यंत.

"इतके?"

"एक मी घातला. वाया जायला नको म्हणून..." तो खुर्चीत बसला आणि त्याने पडद्यावर ओळ दाखवली.

*कप्पा काढ डावी-बाही --मा मोठं*

माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. हुकूम देताना शेवटी दोन आडव्या रेघा मारून आपल्याला विशेष काय हवंय ते सांगायचं असतं. आमच्यात त्याला ऑप्शन म्हणतात. इथला पूर्ण ऑप्शन होता --माप. याने अर्धाच लिहिला होता. पण सरांनी फार पूर्वीच कप्प्यात एक सोय करून ठेवली होती: अर्धा शब्द लिहिला तरी कप्प्याने पूर्ण ओळखायचा. सर तिला लाडाने 'अंदाज' म्हणायचे. मा-ने सुरू होणारा एकच ऑप्शन होता तोवर अंदाज बरोबर ठरत होता. नव्या व्हर्जनमध्ये मी दुसरा घातला, --मागचं, म्हणजे आधीची आवृत्ती काढून दे. दोन शब्द जुळले की अंदाज वर्णमालेत आधी येणारा उचलतो. याने मागितलं मोठं माप, आणि कप्प्याने काढून दिला आधीच्या ऑर्डरचा नमुना. ती ऑर्डर होती शाळकरी मुलांची.

"मग उजवी बाही कशी वाचली?"

त्याने उजवीची फाइल उघडली. तिथे --माप पूर्ण लिहिलं होतं.

"उजवी लिहिताना मी नवीन होतो," तो म्हणाला. "डावीपर्यंत येईतो... कळतंच की त्याला, असं वाटायला लागलं."

"आणि बाकीच्या फाइली?"

त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. टपोरे, जरा अपराधी डोळे. मी सरकवून ठेवलेली खुर्ची ओढली आणि एकेक फाइल उघडत गेले. त्याच्या कामाची प्रत्येक फाइल अशीच होती. --गो, --रा, --उ, --पट. सगळं अर्धं. सगळ्याचा अर्थ एक तर कप्प्याला ठाऊक, नाही तर त्याला.

"तुमचं नाव मी आता दीडबाही ठेवणार," मी म्हणाले.

"आणि तुमचं चौकशी खिडकी," तो म्हणाला. हे मात्र त्याने पूर्ण म्हटलं. ताईंच्या मशीनची खरखर क्षणभर थांबल्यासारखी वाटली.

---

वर जाऊन मी सरांना सांगितलं, अंदाज काढून टाकायला हवा.

सरांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या घरातली खिडकी बुजवा म्हणतेय. "अगं, लोकांना सवय आहे. समोरच्याच्या मनातलं ओळखणं ही केवढी मोठी सेवा आहे."

"सर, तो मनातलं ओळखत नाही. वर्णमालेतलं ओळखतो."

मी निळा स्वेटर त्यांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तो उलटासुलटा करून पाहिला, बाहीत हात घातला, तो कोपराशी अडकला. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या व्हर्जनमध्ये अंदाज चालू ठेवायचा, पण प्रत्येक अर्ध्या शब्दाला ताकीद द्यायची. त्याच्या पुढच्या व्हर्जनमध्ये अंदाज कायमचा बंद. मधल्या काळात लोकांनी आपापल्या फाइली नीट करून घ्यायच्या.

"आणि बंद झाल्यावर कुणी अर्धं लिहिलंच, तर कप्प्याने काय म्हणायचं?" सरांनी विचारलं. "नुसतं 'चूक' म्हणू नकोस हं. माणसं दुखावतात."

मी थोडा विचार करून लिहिलं: *अर्धं कळलं. पूर्ण सांगा.*

सरांना ते आवडलं. आपल्या मुलीला सासरी पाठवताना हसावं तसे ते हसले.

ताकीद देणारं व्हर्जन बाहेर पडलं, आणि मग रोज दुपारी चहाच्या वेळेला मी तिसऱ्या मजल्यावर जाऊ लागले. काम होतं, यात खोटं काही नाही. त्याच्या फाइलींतले अर्धे शब्द पूर्ण करायचे होते, आणि काही इतके अर्धे होते की त्याचं त्यालाच आठवायला लागायचं. तो डोळे मिटून बोटांनी हवेत विणल्यासारखं करायचा, आणि मी त्या बोटांकडे बघत बसायचे. लांब, शांत बोटं. प्रत्येक शब्दामागे नमुना असायचा: इथे उलट टाका, इथे सुलट, इथे गळा उतरतो.

"हे 'गो' म्हणजे?"

"गोल गळा."

"आणि हे 'रा'?"

"राखून ठेव. म्हणजे... मशीन बंद पडलं तरी नमुना जाऊ नये म्हणून."

"तुम्ही घरीही असंच अर्धं बोलता?"

"घरी आई आहे. ती माझी वाक्यं..."

मी वाट पाहिली. वाट पाहायची ही सवय मला नवीनच लागत होती.

"...पूर्ण करते," तो म्हणाला.

"बरोबर करते का?"

"तिच्या सोयीने करते. लहानपणी मी 'मला वांगं' एवढंच म्हटलं की ती 'आवडतं' म्हणायची आणि ताटात वाढायची. अजून खातोय."

मी इतकी हसले की चहा सांडला. त्याने खिशातला रुमाल काढला, माझ्याकडे धरला, मग टेबलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कुणाला पुसायचं ते त्याचं ठरेना. शेवटी रुमाल मीच घेतला आणि घरी घेऊन गेले. धुवायला, अर्थातच.

"हा कुणाचा?" आईने दोरीवर बघून विचारलं.

"कामातला आहे."

"काम करताना रुमाल लागतात होय तुमच्या कंप्युटरला," आई म्हणाली आणि आत गेली. आतून तिचं गुणगुणणं ऐकू येत राहिलं.

एका दुपारी खिडकीवर भुरभुर पाऊस होता. त्या दिवशी आमच्या बऱ्याच फाइली उरकल्या. तो काचेवरच्या थेंबांकडे बघत म्हणाला, "हे सगळं झालं की मग..."

"मग काय?"

"मग मला तुम्हाला..." मशीनचा धागा तुटला, ताईंनी हाक मारली, आणि तो उठून गेला.

मी त्या वाक्यावर घरी गेले. त्या वाक्यावर जेवले. मग मला तुम्हाला काही विचारायचंय. मग मला तुम्हाला कुठे तरी घेऊन जायचंय. मग मला तुम्हाला... इथपर्यंत येऊन मी उशीत तोंड लपवलं. अंदाज बंद करायला निघालेली बाई मी, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते.

---

त्याच आठवड्यात एकदा मी खाली गेले तर तो नव्हता. कारखान्याच्या मालकीणबाईंनी बोलावलं होतं. ताई एकट्या मशीन पुसत होत्या. मी बसले, तशी त्या हातातलं फडकं न ठेवता म्हणाल्या, "उरकत आलं म्हणायचं तुमचं."

"हो. थोड्याच राहिल्यात."

"चांगलंय. मालकीणबाई त्याचीच वाट बघतायत. तिकडच्या नव्या कारखान्यात मशीनं येऊन पडलीत कधीची. ह्या साहेबांनाच पाठवायचंय ना तिकडे. पण इथलं काम दुसऱ्या कुणाला कळेल तर शपथ. सगळं ह्यांच्या अर्ध्या भाषेत. आता तुम्ही सगळं पूर्ण लिहून दिलंत, म्हणजे मीसुद्धा चालवीन. मग ह्यांची रवानगी."

"तिकडे म्हणजे कुठे?"

त्यांनी गाव सांगितलं. आगगाडीने पूर्ण एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागेल इतकं दूर. "माझी लेक शिकायला आहे तिथे," ताई म्हणाल्या आणि जरा थांबल्या. "मला पाठवलं असतं तर उडत गेले असते बघा."

मी हो-हो म्हटलं, पण कानांत नुसती मशीनची खरखर होती. म्हणजे रोज दुपारी चहा पीत, हसत, एकेक शब्द पूर्ण करत मी काय करत होते? त्याला इथून जायचा रस्ता मोकळा करून देत होते. आपल्याच पायावर धोंडा, आणि तो उचलायला मी रोज जिना उतरून जात होते.

हे सगळं झालं की मग. मग मला तुम्हाला निरोप द्यायचाय. हेच होतं ते वाक्य.

तो आला तेव्हा मी उभीच होते.

"तुम्ही जाणार आहात?"

त्याचा चेहरा उतरला. "मी तुम्हाला सांगणारच... म्हणजे एकदा सुरुवातही..."

"सुरुवात केलीत. शेवट मी करून घेतला. चुकीचा."

"काय केलात?" त्याने पटकन विचारलं.

त्याचं उत्तर द्यायची माझी काय बिशाद. मी वर निघून आले.

आता गंमत बघा. मला एक शब्द बोलायचा अवकाश होता. सर अंदाज काढायला मनापासून तयार नव्हतेच. 'सर, लोक तयार नाहीत अजून, राहू द्या वर्षभर,' एवढं म्हटलं असतं तर ते आनंदाने मान डोलावणार होते. उरलेल्या फाइली मी पूर्ण केल्या नसत्या, त्याचं काम त्याच्याच अर्ध्या भाषेत अडकून राहिलं असतं, आणि दीडबाही तिसऱ्या मजल्यावरच राहिला असता. दोन दिवस मी ह्या विचाराशी खेळले. सरांच्या टेबलापर्यंत जाऊन आले.

"काय गं?" सरांनी विचारलं.

"काही नाही."

"अर्धं कळलं," सर म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले.

मी परत येऊन बसले. मला तो हवा होता, हे खरं. खूप हवा होता, हेही खरं. पण तो इथे राहिला तो स्वतःच्या मनाने की माझ्या युक्तीने, हा प्रश्न मला आयुष्यभर पडला असता, आणि प्रश्न पडला की मला झोप लागत नाही. मी उरलेल्या फाइली माझ्या टेबलावर बसून पूर्ण केल्या आणि त्याला पाठवून दिल्या. खाली गेले नाही. मग ठरल्या दिवशी नवीन व्हर्जन बाहेर सोडलं. कप्प्यातला अंदाज बंद झाला.

---

दिवसभर फोन वाजत होते. कुणी चिडलं, कुणी हसलं, एका गृहस्थांनी तर 'पूर्ण सांगा' वाचून आपल्याला बायकोची आठवण झाली असं कळवलं. तिसऱ्या मजल्यावरून मात्र काहीच नाही. म्हणजे त्याच्या सगळ्या फाइली व्यवस्थित चालत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता.

संध्याकाळी, ऊन टेबलांवर आडवं पडलं होतं तेव्हा, दारात तो उभा राहिला. काखेत लॅपटॉप. अंगात तोच निळा स्वेटर. सरांनी त्याची डावी बाही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि घाईघाईने कानांना हेडफोन लावले.

"एक फाइल चालत नाहीये," तो म्हणाला.

"सगळ्या मी तपासल्यात."

"ही तुम्हाला दाखवली नव्हती."

त्याने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. नमुना एका बाईच्या स्वेटरचा होता, गोल गळ्याचा. खाली पडद्यावर माझंच वाक्य माझ्याकडे बघत होतं: *अर्धं कळलं. पूर्ण सांगा.* ओळ होती --माप, आणि त्याच्यापुढे रिकामं.

"इथे माप नाही घातलेलं," मी म्हणाले.

"मला ठाऊक नाही."

"कुणाचं?"

खालून मशीनची खरखर येत होती.

"कुणाचं ते सांगितल्याशिवाय..."

"तुमचं," तो म्हणाला. "त्या पावसाच्या दिवशी मी हेच... हे सगळं झालं की मग मला तुम्हाला..."

माझी जीभ शिवशिवली. त्याचं वाक्य पूर्ण करायला माझ्याकडे एक सोडून दहा शेवट तयार होते. मी हात मांडीवर ठेवले आणि सावकाश म्हणाले, "अर्धं कळलं. पूर्ण सांगा."

त्याने खोल श्वास घेतला. पाण्यात उडी मारण्याआधी पोरं घेतात तसा.

"हे सगळं झालं की मग मला तुम्हाला एक स्वेटर द्यायचा होता आणि सांगायचं होतं की मला जायचं नाहीये. मालकीणबाईंना तसं कधी बोललोच नव्हतो. त्यांनी 'तू जाशीलच' म्हटलं आणि मी 'हो म्हणजे' एवढंच म्हणालो. त्यांनी 'हो' घेतलं, 'म्हणजे' सोडलं. आज सकाळी जाऊन पूर्ण सांगितलं. म्हटलं, फाइली आता कुणालाही वाचता येतात, तर तिकडे ताईंना पाठवा, त्यांची लेक आहे तिथे. त्यांना मशीन माझ्यापेक्षा जास्त कळतं. मालकीणबाई म्हणाल्या, मग आधी का नाही बोललास. ताई रडल्या, मग पेढ्यांचा बॉक्स आणायला धावल्या." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते, पण तो थांबून राहिला नाही. "मला इथे राहायचंय. तू दुपारी खाली येतेस त्या खोलीत. तू वाट बघतेस ना माझ्या शब्दाची, तशी कधीच कुणी पाहिली नव्हती. तू मला आवडतेस. हे अर्धं नाहीये. एवढंच आहे आणि पूर्ण आहे."

हा माणूस इतकं सलग बोलू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मध्येच कुठे तरी तो 'तू'वर आला होता, ते त्याच्या लक्षातही आलेलं दिसत नव्हतं.

सरांचे हेडफोन कशालाच जोडलेले नव्हते. वायर टेबलावरून खाली लोंबत होती. सर पडद्याकडे एकटक बघत होते आणि पडदा बंद होता.

मी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून भंडावलेली मी. शब्द येईना.

"मला पण..." मी म्हणाले. "म्हणजे मी त्या दिवशी... रुमाल..."

त्याने हाताची घडी घातली. एक बाही पूर्ण, एक कोपरापर्यंत. डोळ्यांत हसू होतं, पण एक शब्दही माझ्यावतीने बोलला नाही. वाट पाहत उभा राहिला. कुणी आपल्या वाक्याचा शेवट न करता नुसतं उभं राहिलं की किती धीर येतो, ते मला तेव्हा कळलं.

"मला पण तू आवडतोस," मी म्हणाले. "त्या रुमालाला मी दोनदा इस्त्री केली आणि तरी परत दिला नाही. तू जाणार म्हणून कळलं तेव्हा मी अंदाज बंद न करायचं ठरवत होते, तुला अडकवायला. नाही केलं. पण रडले. झालं पूर्ण."

"झालं," तो म्हणाला.

"मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवत होतास इतके दिवस?"

"चौकशी खिडकी उघडी राहावी म्हणून."

सरांनी खाकरून हेडफोन काढले. "मी चहा घेऊन येतो," ते म्हणाले. "सावकाश येतो. हे मी पूर्ण सांगितलंय." आणि दार ओढून घेत गेले.

त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. --माप च्या पुढे कर्सर लुकलुकत होता.

मी माझं माप लिहिलं. मग थोडा विचार केला, आणि खाली दोन ओळी वाढवून उजव्या बाहीचं वेगळं आणि डाव्या बाहीचं वेगळं लिहिलं, पूर्ण मनगटापर्यंत.